मक्याची छोटी धिरडी, वर ताजा साल्सा: जमली, फसली, सांगा

वाकडी_विळी (न्यूजर्सी)

ऑगस्ट लागला की आमच्याकडे रस्त्याकडेला शेतकऱ्यांचे मांडव लागतात आणि कणसं डझनाने घरात येतात. दोन दिवस उकडून, दोन दिवस भाजून खाल्ली की घरचे "आता पुरे" म्हणतात. मग उरलेल्यांची धिरडी. पुरीएवढी, जाडसर, वर टोमॅटो-कांदा-कोथिंबीर-मिरची-लिंबाचा साल्सा. इथले लोक कॉर्न केक म्हणतात, कुणी फ्रिटर म्हणतं. मी धिरडीच म्हणणार.

गेल्या शनिवारी पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली. सहा कणसांचे दाणे मिक्सरमधून फिरवले. "मका स्वतःच धरतो, पीठ कशाला?" असं कुणीतरी म्हटलेलं डोक्यात होतं, म्हणून पीठ घातलंच नाही. तव्यावर घातलं तसं ते पसरत गेलं, कडा करपल्या आणि मधे खीर. उलथणं खाली सारलं की अर्धं उलथण्यावर, अर्धं तव्यावर. शेवटी सगळं खरवडून कढईत ढकललं, जिरं-मिरचीची फोडणी दिली आणि "उपमा केलाय" म्हणून वाढलं. साल्साला इतकं पाणी सुटलं होतं की एका काकांनी तो वाटीने प्यायला आणि "सार छान झालंय" म्हणाले.

म्हणून हा धागा. कृती नकोत, त्या पैशाला पासरी मिळतात. तुमच्या हातून काय झालं ते लिहा. मका कुठला, पीठ किती, नडलं कुठे. बिघडलेलं आधी.

आळशी_सुगरण (ठाणे)

बिघडलेलं आधी म्हणताय तर माझा नंबर पहिला.

फ्रोझन मक्याचं पाकीट. नीट निथळलं नाही, मिक्सरला लावलं, पातळ झालं म्हणून रवा, रवा फुगला म्हणून दही, दही आंबट लागलं म्हणून चिमूटभर जास्तीचा सोडा. आणि सवयीने हळद! पाच मिनिटांनी झाकण काढते तर पिठात लाल लाल ठिपके. भाजल्यावर तर गोवर आल्यासारखी दिसायला लागली. मुलगी म्हणाली, आई, यांना डॉक्टरकडे ने.

मग डोक्यात उजेड पडला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसाच हा सोडा. गंमत पुढेच आहे. वर साल्सा घातला आणि जिथे जिथे लिंबाचा रस उतरला तिथे लाल पुन्हा पिवळं! मुलांनी धिरडी खाल्ली नाहीत, पण लिंबू पिळून पिळून रंग बदलायचा खेळ अर्धा तास चालला. तेव्हापासून सोडा असेल तर हळद नाही, हळद असेल तर सोडा नाही.

दर्यावर्दी

"मका स्वतःच धरतो" हे खोटं नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मर्चंट नेव्हीत असताना व्हेनेझुएलात प्वेर्तो काबेयोला आमचं जहाज लागलं होतं. बंदराबाहेरच्या रस्त्याला काचापा करणाऱ्या बायका. लोखंडी सपाट तवा, त्याला तिकडे बुदारे म्हणतात. त्यावर पळीभर पिवळं, भरड वाटण टाकायचं, पळीच्याच पाठीने गोल फिरवायचं. वर बारीक बुडबुडे आले की उलटायचं. दुसरी बाजू झाली की पांढऱ्या मऊ चीजची जाड चकती आत ठेवून दुमडून हातात. त्या चीजचे पदर सुटतात, थोडं आपल्या ताज्या पनीरसारखं पण खारट. काचापा आपल्या थाळीएवढी असते, पुरीएवढी लहानही करतात.

मी खुणा करून विचारलं, पीठ? बाईने मान हलवली आणि कणीस दाखवलं. मका, मीठ, चिमूट साखर, संपलं. पण ते कणीस तुमचं स्वीट कॉर्न नव्हे. कोवळ्या मक्याला ते होहोतो म्हणतात, तो कोवळा असूनही पिठूळ असतो. दाणा चावला तर रस उडत नाही, दाताला चिकटतो. सगळा फरक तिथे आहे.

खटाववाले

दर्यावर्दी बरोबर बोलले. आमच्याकडं मका जनावरांसाठी असतो, मुरघासाला. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी रानात गेलं की धिरड्याचं कणीस मिळतं.

ओळखायचं असं. वरची पानं जरा बाजूला करून दाण्यात नख रुतवायचं. पाण्यासारखं चिरकांडं उडालं तर अजून कवळं हाय, भाजून खावा. नख जरा दाबावं लागलं आणि दूध दाट, साईसारखं आलं तर तेच धिरड्याचं. नख रुतलंच नाही तर कोंबड्यांना.

आई पाट्यावर वाटायची, लसूण-मिरची-मीठ त्यातच. पीठ कशाचंच नाही. वरवंट्याला चिकटलेलं बोटानं निपटून आधी आम्हा पोरांना. बिडाचा तवा, कडंनं तेल, वर झाकण. साल्सा-बिल्सा नव्हतं, पण कांदा-टोमॅटो बारीक चिरून, शेंगदाण्याचं कूट भुरभुरून वर घालायची. तुम्ही त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

स्वीट कॉर्नमध्ये साखर जास्त, पिठूळपणा कमी. तो वाण तसाच असतो, दाण्यातल्या साखरेचं पीठ व्हायचं काम त्यात अर्धवट राहतं. त्याच्याकडून धरायची अपेक्षा करू नये. रागावू पण नये.

सराफ्याचा_भुक्कड (इंदूर)

ताई, तुमच्या हातून जे बिघडलं त्याला आमच्या गावात भुट्ट्याचा कीस म्हणतात आणि सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, लोक ताटकळत उभे राहून पैसे देऊन खातात. तूप, जिरं-मोहरी, हिंग, हिरवी मिरची, किसलेला भुट्टा, मग दूध घालून हळूहळू आटवायचा, वर लिंबू-कोथिंबीर. उपमा म्हणून वाढलात ही तेवढी चूक.

आमचं घराणं होळकरांच्या काळापासून इकडे, त्यामुळे बोली जरा मिसळलेली, पण कीस शुद्ध. त्यातूनच एक सांगतो. मिक्सर नको, किसणी घ्या. कणीस किसणीवर उभं फिरवलं की दाण्यातला गर आणि दूध खाली पडतं आणि सालं कणसालाच राहतात. मग सुरीच्या पाठीने कणीस खरवडा, उरलेलं दाट दूध येतं. मिक्सरमध्ये सालं तुकडे तुकडे होऊन पाण्यात तरंगतात, ती धिरड्याला फाडतात. किसताना परातीत ओला कपडा अंथरा, नाहीतर दूध थेट भिंतीपर्यंत. आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्सवर अजून खुणा आहेत.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या कीसात थोडं बेसन घालून मी धिरडी करतो. ती मोडत नाहीत, कारण पाणी आधीच आटलेलं असतं.

नाव_ठेवणारा

मुळात हे धिरडंच नव्हे. धिरडं पातळ, जाळीदार, पळीने ओतलेलं. हे थापलेलं आहे. वडा म्हणा, फार तर थालीपीठ.

आळशी_सुगरण (ठाणे)

म्हणते. आता तुमचा अनुभव?

नाव_ठेवणारा

खाल्लेली आहेत.

तिखटजाळ (ऑस्टिन)

मला साल्साबद्दल बोलायचंय, पण आधी पिठाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे मक्याचं पीठ दोन जातींचं. एक साधं दळलेलं. दुसरं मेक्सिकन, मासा हरीना. त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुऊन सालं काढतात आणि मग वाटतात. आपल्या पानाच्या चुन्यातला चुना तोच. त्या चुन्यामुळे पीठ मळताना एकसंध होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्वही अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, म्हणून फक्त मक्यावर जगणाऱ्यांना तिकडे पेलाग्रा, म्हणजे त्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, व्हायचा. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा का फाटतात आणि टॉर्टिया का फाटत नाही, याचंही उत्तर हेच.

तर आई आली होती, चातुर्मासात. मी डब्यांना मराठीत चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, तिला सोपं जावं म्हणून. साखर, रवा, पोहे आणि एका डब्यावर "मासा". संध्याकाळी घरी आलो तर तो डबा गॅरेजमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि आईने सगळी मांडणी पुसून काढलेली. "सुकवलेला आहे म्हणून वास येत नाही," असं तिने बायकोला समजावलंही होतं. आता चिठ्ठीवर "चुन्याचा मका" लिहिलंय. तिला तेही फारसं पटलेलं नाही.

पण पीठ झक्कास. दोन वाट्या किसलेल्या मक्याला पाव वाटी पुरतं. घातल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका, ते सावकाश पाणी पितं.

आता साल्सा. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे नुसता सॉस, मग तो शिजवलेला असो की वाटलेला. तुम्ही करता त्या कच्च्या, चिरलेल्या प्रकाराला पिको दे गायो म्हणतात. शब्दशः कोंबड्याची चोच. ऑफिसातला एक मेक्सिकन सहकारी डब्यात रोज आणतो, त्याच्याकडून शिकलो. टोमॅटो लांबट, कमी रसाचे. आतला बियांचा गर चमच्याने काढायचा. चिरून मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं. खाली वाटीभर पाणी जमतं! तेच पाणी तुमच्या काकांनी प्यायलं. कांदा चिरून गार पाण्यातून काढायचा, उग्रपणा जातो. लिंबू आणि कोथिंबीर अगदी वाढताना. तो निथळलेलं पाणी टाकत नाही, भातात घालतो. मी खरंच सार करतो.

मिरचीचं म्हणाल तर हालापेन्यो आपल्याला गुळमट वाटते. सेरानो घ्या, ती साधारण तिप्पट तिखट. चिरून झाल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. हे मी कॉन्टॅक्ट लेन्स काढताना शिकलो, जास्त विचारू नका.

गणपतीची_धावपळ (बॉस्टन)

आमच्या मंडळाच्या गणपतीला मी साठ नेली होती. सकाळी सात वाजता करायला घेतली, एकावर एक रचून डब्यात भरली, वर फॉइल घट्ट. दुपारी उघडली तर खालची वाफेने भिजून एकमेकांना चिकटलेली. सुरीने वड्या पाडल्या आणि "मक्याची बर्फी, तिखट" असं सांगितलं. गणपतीच्या दिवसांत इथली माणसं काहीही खातात.

यंदा जाळीवर एकेक सुटी ठेवली, ओव्हन ९५ अंश सेल्सिअसवर, दार किंचित उघडं. दीड तास कडा कुरकुरीत राहिल्या. बाप्पासमोर ठेवायची म्हणून कांदा-लसूण नाही, तर साल्सा कशाचा? तेव्हा इथे पीच येतात. किंचित कच्चा पीच, काकडी, हिरवी मिरची, आलं, लिंबू. कांद्याची आठवण कुणाला झाली नाही. काकडीलाही मीठ लावून पिळून घ्या, वरच्या तिखटजाळ यांच्याच न्यायाने.

आणि फार मोठी करू नका. पुरीएवढं धिरडं एका घासात नाही तरी दोन घासांत संपतं, साल्सा कोपरापर्यंत ओघळत नाही.

वाकडी_विळी (न्यूजर्सी)

सगळ्यांना उत्तर एकदम देते, राग मानू नका.

काल केली. चार कणसं किसली, दोन कणसांचे दाणे अख्खेच टाकले, चावायला काहीतरी हवं म्हणून. पाव वाटी मासा (डबा स्वयंपाकघरातच आहे), दोन चमचे तांदळाची पिठी, मिरची, जिरं, मीठ. हळद नाही. पंधरा मिनिटं थांबले, म्हणजे खरं तर सात, मग धीर सुटला. म्हणून पहिलं मोडलं. दुसरं उलटलं पण मधून वाकलं. मग गुपचूप उरलेली आठ मिनिटं ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिसऱ्यापासून एकही मोडलं नाही. अख्ख्या दाण्यांपैकी एक तव्यावर फुटून डोळ्याच्या खाली लागला, तेवढं सांगून ठेवते. झाकण घाला.

साल्सा निथळला. पाणी काकांसाठी वेगळं ठेवलंय.

खटाववाले, तुमच्या नखाच्या गोष्टीवरून आज मांडवावरच्या शेतकऱ्याला विचारलं, जुनं, निबर झालेलं कणीस मिळेल का. त्याने दोनदा विचारलं, नक्की जुनंच हवंय? मग मागे जाऊन टोपलीभर आणली, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, ही मी कोंबड्यांना घालतो. घरी येऊन नख लावून पाहिलं. रुतायला जरा जोर लागतो, पण दूध पांढरं आणि दाट आहे, बोटाला चिकटतंय. पीठ न घालता करून पाहू का?

खटाववाले

दूध चिकटतंय ना? मग घालू नका पीठ. पण उद्यावर ठेवू नका, रात्रीत अजून निबर होतं. आत्ताच तवा ठेवा.