क्रूझची सहल : माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी (अनुभव लिहा)

रानजाई
आईबाबांना घेऊन क्रूझला जायचं घरात घाटतंय. दोघंही सत्तरीपुढचे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आईला खंबाटकी घाटातसुद्धा मळमळतं. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव आणि रोषणाई रग्गड. व्हिसा, पायऱ्या, वरखर्च यांबद्दल अवाक्षर नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. नुसतं ‘जाम मजा आली’ नको.

साळुंकी
आम्ही सिअ‍ॅटलहून अलास्काला गेलो, तेव्हा पुण्याहून सासूसासरे आले होते. अलास्का अमेरिकेतच, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा पुरे, असं सगळ्यांना वाटतं. पुरत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची, म्हणजे परदेशात नोंदवलेली असतात, आणि १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे अशा जहाजाला अमेरिकेत प्रवासी चढवून परत अमेरिकेतच उतरवायचे, तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिअ‍ॅटलच्या फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बहुधा शेवटच्या संध्याकाळी. तुम्ही खोलीत झोपून राहणार असलात तरी कागद लागतात. आमच्याकडे ग्रीन कार्ड, त्यामुळे आमचं पासपोर्टवर भागलं. भारतीय पासपोर्टवाल्या सासूसासऱ्यांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागला. त्याला वेळ लागतो. बुकिंगच्या आधी हेच बघा. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबातल्या आजीआजोबांना धक्क्यावरूनच परत पाठवलं, बघवत नव्हतं.

बाकी, डावीकडची बाल्कनी घ्यावी की उजवीकडची यावरून आमच्याकडे आठवडाभर वाद चालला होता. ग्लेशियर बे या अलास्कातल्या हिमनद्यांच्या खाडीत जहाज हिमनदीसमोर सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. अलास्कातल्या केचिकन बंदराला पाऊस ठरलेला. छत्री नको, टोपीचा रेनकोट न्या.

मांडवेकर
रानजाई, आईंना बोट लागेल ही भीती रास्त आहे, पण उपाय खोली निवडतानाच करायचा. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्या. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, आणि वरच्या मजल्यांवरची सर्वांत जास्त हलते, आणि गंमत म्हणजे महागडे स्वीट (मोठ्या ऐसपैस खोल्या) बरेचदा तिथेच असतात. गोळी मळमळण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या वयात तिने गुंगी येते, म्हणून आपल्या डॉक्टरांना रक्तदाबाच्या गोळ्यांसकट सगळं विचारून घ्या. रिकाम्या पोटी राहायचं नाही. कोरडं काहीतरी खावं, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघावं. खोलीत पडून मोबाइल बघणं सर्वांत वाईट.

दुसरं, कवायत, म्हणजे संकटात काय करायचं याची तालीम. आम्ही मुंबईसमोरच्या रेवस बंदराकडचे. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. आमच्या घरात आजही बोटीत पाय ठेवला की आधी लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघतात. क्रूझवर पहिल्याच दिवशी कवायत असते आणि आपली मंडळी ती चुकवायला बघतात. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ बोट कलंडली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. म्हणून २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच ती घेणं बंधनकारक झालं. संकटात जमायची जागा आईबाबांना चालत नेऊन दाखवा. आपत्काळात लिफ्ट वापरायची नसते, तेव्हा जिना कुठला तेही.

तांबडा_पांढरा
भूमध्य समुद्राबद्दल लिहितो. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहितात, जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर! ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तेही लांबच. जाण्यायेण्यातच दिवस जातो. दोन्हीकडे धावण्यापेक्षा एखाद्या बंदरावर जहाजातच थांबा. निम्मे लोक उतरलेले असतात, तलावही मोकळा मिळतो.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. डुलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो, बाबांच्या गुडघ्यांचा आधीच विचार करा. वर गावात जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ ६०० पायऱ्या. गाढवंही आहेत, पण त्या वाटेला जाऊ नका.

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे; माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान बाहेर. मार्गात माँटेनेग्रोचं कोटोर किंवा तुर्कस्तानचं कुशादासी असेल तर मल्टिपल एन्ट्रीचाच (पुन्हा आत येऊ देणारा) व्हिसा मागा, नाहीतर परत आत येताना अडाल.

आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी नाही थांबत.

मु_पो_मडगाव
मी बरीच वर्षं जहाजांच्या किचनात काढलीत, आमच्याकडे घरटी एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतोच. जेवणाची काळजी नको. पहिल्या रात्रीच मुख्य वेटरला सांगा: शाकाहारी, कांदालसूण नको, काय ते. दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून देतात. बुफेसमोर उभं राहून आयत्या वेळी मागितलं तर मात्र उकडलेल्या भाज्याच येतील.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. इस्त्री आणि किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून ठेवतात. घरचे लाडू-चकल्याही बहुतेक ठिकाणी अडवतात. दुकानातलं बंद पाकीट चालतं.

बक्षिसी माणशी, दिवसाच्या हिशोबाने जहाजावरच्या आपल्या खात्यावर आपोआप चढते. डॉक्टरचं बिलही तिथेच चढतं आणि ते जबर असतं, तेव्हा जहाजावरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवणं धरणारा विमा घ्या. समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर. जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं की बिल बघून डोळे पांढरे होतील.

रानजाई
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. व्हिसाचं ऐकून बाबा म्हणतात, मुंबईहूनच जाऊ, लक्षद्वीपला. ते कसं?

साळुंकी
सुरुवातीला चांगलंच, विमानाची दगदग नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, समुद्र शांत असतो. फक्त तिथेही मोठं जहाज लगूनमध्ये (बेटाभोवतीच्या प्रवाळाने अडवलेल्या उथळ पाण्यात) शिरत नाही, छोट्या बोटीतूनच उतरावं लागतं. वारा सुटला तर उतरणं रद्द. बाबांना आधी भाऊच्या धक्क्यावरून एकदा लाँचने पलीकडे नेऊन आणा. चढउतार जमते का ते तिथेच कळेल.