घोडीला धाप लागते, वाळलं गवत भिजवून द्यायचं का?

बारी_घाटातली
नमस्कार मंडळी. आम्ही जुन्नरकडचे, आमची काठेवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाड्यापुढं पळायची. दिवाळी झाल्यावर खोकायला लागली ती अजून चालूच आहे. आधी फक्त गव्हाणीत तोंड घातलं की खोकायची, आता नुसती उभी असली तरी नाकपुड्या फुगवते आणि श्वास सोडताना कूस आत ओढते. ताप नाही, खाणंपिणं ठीक, नाकातून थोडं पांढरं येतं. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शनाने चार दिवस बरं वाटलं मग परत तेच. ते म्हणाले धुळीची अ‍ॅलर्जी आहे, वाळलं गवत बंद करा नाहीतर भिजवून द्या. आता बंद करून घालू काय, उन्हाळा तोंडावर आलाय, हिरवं पुरणार नाही. आणि भिजवायचं म्हणजे वरून पाणी मारलं तरी चालतं का रात्रभर टाकायचं? वडील म्हणतात ओलं खाल्लं की घोड्याचं पोट दुखतं. आमच्याकडं कडब्याची कुट्टी आहे आणि मावळातून आणलेलं डोंगरी गवत, ते परतीच्या पावसात थोडं भिजलं होतं.

पागेतला_गडी
दादा शेवटच्या ओळीतच उत्तर आहे तुमचं. भिजलेलं गवत नीट न वाळवता भारे बांधून गंजीला लावलं की आतून तापतं आणि बुरशी धरते, वरून पिवळं छान दिसतं पण भारा सोडून झटका, पांढरी भुकटी उडते बघा आणि कुबट वास येतो. ती बुरशीची भुकटी छातीत जाते. असं गवत भिजवून सुद्धा घालू नका, टाकून द्या सरळ, जनावरांपुढंही नको. आधी चांगलं गवत बघा मग भिजवायचं.

वरून बादली ओतून काही होत नाही, वरचं ओलं आतलं कोरडंच. पूर्ण बुडालं पाहिजे. कांद्याची जाळीची गोणी घ्या (तुमच्याकडं काय कमी नसणार), त्यात सैल भरा, दाबून नाही, निळ्या ड्रममध्ये बुडवा आणि वर दगड ठेवा नाहीतर तरंगतं. वीस मिनिटं ते अर्धा तास बास. पाणी चहासारखं लाल होईल, घाबरू नका. मग गोणी फांदीला टांगून निथळू द्या आणि ओलं असतानाच घाला. वाळलं की धूळ परत मोकळी होते, मग सगळी मेहनत फुकट.

गोणीतनं खाऊ घालू नका हां, खूर अडकतो नाहीतर प्लास्टिकचे धागे पोटात जातात. घमेल्यात काढून जमिनीवर ठेवा. मान खाली घालून खाल्लं की छातीतला कफ आपोआप बाहेर येतो. आणि वजन कोरडं असताना करा. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर दिवसाला पाच ते सात किलो कोरडं लागतं, ओलं तोलून घातलं तर बिचारी उपाशी राहील.

आबा_शिरूर
एवढा उद्योग कशाला. अडुळसा, हळद, गूळ याचा काढा द्या आठवडाभर, आमच्या वडलांनी किती घोडी बऱ्या केल्या. आणि तोबऱ्यात ओवा टाका.

पागेतला_गडी
आबा काढा द्या की, पण तोबरा आधी काढा. कोरडा भरडा तोंडाला बांधायचा म्हणजे धूळ थेट नाकातच. चंदी म्हणजे दाण्याचं खाद्य पाणी शिंपडून ओलसर करून घमेल्यातच द्यायची.

ताई_यॉर्कशायर
मी इंग्लंडला एका तबेल्यात काम करते. इथं घोडे थंडीत महिनोन् महिने आत असतात त्यामुळे हा आजार खूप. बरेच जण गवत पेटीत घालून वाफवतात, त्याने धूळ बसते आणि बुरशी पण मरते, नुसत्या भिजवण्याने ती मरत नाही. पण वाफ आतपर्यंत कडक लागली पाहिजे. लोक घरी जुगाड करतात ड्रमला पाइप लावून, गवत नुसतं कोमट होतं आणि उलट जंतू वाढतात. तुमच्याकडे भिजवणंच बरं.

फक्त रात्रभर ठेवू नका. जाड घोड्यांची साखर कमी करायला इथं जास्त वेळ भिजवतात पण तेवढ्या वेळात खनिजं पण धुऊन जातात आणि जंतू वाढतात. तुमच्या उन्हात तर काही तासांत आंबेल. म्हणून एका वेळेपुरतंच, प्रत्येक वेळी ताजं पाणी.

अजून एक, घोडी आत असताना गोठा झाडू नका. आणि गवत तिच्या डोक्यावरच्या माळ्यावर असेल तर ते हलवा आधी.

बारी_घाटातली
ताई, माळ्यावरच आहे!! भारा सोडून बघितला दादा, भुकटी उडाली, मलाच ठसका लागला. कुट्टीचं काय करू? आणि हिरवं नेपियर गवत आहे शेताच्या बांधाला, तेच पूर्ण चालू करू का?

पशुवैद्य_जुना
कुट्टी पण भिजवूनच, बारीक असल्याने जाळीऐवजी जुन्या सुती साडीचं गाठोडं करा. कडब्याची काळी पडलेली ताटं कुट्टी करण्याआधीच निवडून काढा.

नुसत्या नेपियरवर ठेवू नका. त्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो, तो अंगाला कॅल्शियम लागू देत नाही आणि त्यात तुम्ही गव्हाचा कोंडा घालत असाल तर फॉस्फरस वाढून हाडं ठिसूळ होतात. थोडं नेपियर, थोडा लसूणघास आणि भिजवलेलं चांगलं गवत असं मिसळून द्या. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. वडील म्हणतात ते पोट बहुतेक वेळा ओल्याने नाही, अचानक बदलल्याने नाहीतर आंबलेलं खाल्ल्याने दुखतं. दिवसा जेवढी बाहेर सावलीत बांधता येईल तेवढी बांधा, गोठ्यात मुताचा वास डोळ्याला झोंबत असेल तर तो अमोनिया पण छातीला वाईट.

रोज सकाळी ती शांत उभी असताना कुशीकडं बघून मिनिटाचे श्वास मोजून लिहून ठेवा. निरोगी घोड्याचे 8 ते 16 असतात. चारा आणि जागा सुधारल्यावर दोन-तीन आठवड्यांत आकडा खाली आला पाहिजे. कुशीवर रेघ उमटली असेल तर आजार जुना आहे, पूर्ण जाणार नाही पण ताब्यात राहतो. तोवर पळवायची नाही, शर्यतीची बारी असो नाहीतर लग्नाची वरात. इंजेक्शन बहुतेक स्टेरॉइड असणार, ते मेडिकलमधून आणून स्वतः परत परत देऊ नका, खुरात सूज येऊन घोडी बसायचा धोका असतो.

आणि ताप आला, जबड्याखाली गाठ आली, नाकातून घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित यायला लागलं तर हे सगळं सोडा, घोडी वेगळी बांधा आणि सरकारी दवाखान्यात कळवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करावी लागेल, तो माणसालाही होतो. उघड्या हाताने नाक पुसू नका.

बारी_घाटातली
नाही डॉक्टर, जबडा मोकळा आहे, वासही नाही. कोंडा रोज दोन वेळा घालतोय, कमी करतो. शेजारच्या गावात लसूणघास मिळतो, आजच बोलतो. ते लाल पाणी म्हशीला पाजलं तर चालेल का, फुकट जातंय.

पशुवैद्य_जुना
नको, धूळ आणि जंतू त्यातच उतरलेत. ओढ्यात विहिरीत पण नको, सडतं ते. नारळाला ओता.