पेपर लिहिणाऱ्यांना पेपरात लिहितं करताना

जुना उपसंपादक, नौपाडा
बावीस वर्षं संपादकीय पानावर काढली. आता ठाणे-नवी मुंबईतल्या संशोधकांचे लेख बघून देतो. पैसे नाहीत, चहा मिळतो. तुमच्यापैकी कुणी असं कुणाला लिहितं केलं असेल, किंवा स्वतः संशोधक असून वर्तमानपत्रासाठी लिहिलं असेल, तर अनुभव टाका. फसलेले आधी.

सुरुवात माझ्यापासून. कांदळवनांवर (खाडीकाठची खारफुटीची जंगलं) काम करणाऱ्या एका बाईंचा लेख आला. जागा ८०० शब्दांची, लेख १,९०० चा. पहिले चार परिच्छेद व्याख्या आणि आधीच्या अभ्यासांचा आढावा. अकराव्या परिच्छेदात, तेही कंसात: 'भरतीचे पाणी अडविल्यास वृक्षतोडीविनाही ऱ्हास संभवतो.' फोन करून विचारलं, म्हणजे काय हो? तर म्हणाल्या, "अहो, तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात. बांध घातला, भराव टाकला, पाणी तुंबलं की ती गुदमरतात. कुऱ्हाड लावावीच लागत नाही. मग 'इथे झाडं होतीच कुठे' म्हणायला मोकळे."

म्हटलं, मॅडम, लेख झाला. आत्ता बोललात तेच पहिल्या ओळीत लिहा.

दुसरा प्रश्न निमित्ताचा. लेख आला होता एप्रिलमध्ये. मी २६ जुलैपर्यंत थांबवला. युनेस्कोचा कांदळवन दिन त्या दिवशी असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण आपल्या वाचकाला २६ जुलै म्हटलं की २००५ आठवतं, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. दोन्ही एकाच परिच्छेदात आणले. तिथेच मी माती खाल्ली. जोशात लिहून टाकलं की कांदळवनं शाबूत असती तर तो पूर आलाच नसता. बाईंनी लाल शाईत उत्तर दिलं: 'हे मी कुठेही म्हटलेलं नाही.' बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून माझा प्रत्येक बदल लेखकाला दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

ओहोटी, नेरूळ
मी पलीकडच्या बाजूची. रोहितांवर (फ्लेमिंगो हो) पीएचडी करतेय. माझ्या मसुद्यात 'असू शकते' चौदा वेळा होतं. बघून देणाऱ्या ताईंनी प्रत्येकाभोवती गोल केला आणि विचारलं, ही शंका आकड्यांतली की गाईडच्या भीतीची? नऊ भीतीच्या निघाल्या. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसाव्याला येतात, हे तर मी गच्चीवरून बघते. त्यात कसलं 'असू शकते'? पण एखादी पाणथळ बुजवली तर ते नेमके कुठे जातील, तिथलं 'असू शकते' मात्र ठेवलं.

'शासनाने लक्ष द्यावे' हे वाक्य ताईंनी कापलं. कुठल्या खात्याने काय करायचं ते लिही म्हणाल्या. तेव्हा कळलं की मला ते माहीतच नाही. तीन वर्षं त्या विषयात घालवून! एक आठवडा त्या शोधात गेला.

लेख छापून आला, शेजारच्या काकूंनी कात्रण फ्रिजवर लावलं. गाईड सर म्हणाले, "छान. पेपर कुठवर आलाय?"

पी-व्हॅल्यू, खारघर
संख्याशास्त्राचा माणूस आहे, आरोग्याच्या लेखांतले आकडे तपासून देतो. एकच सांगतो. 'धोका दुप्पट' असं कधी एकटं जाऊ देऊ नका. दहा हजारांत दोघांना होणारा आजार चौघांना झाला तरी दुप्पटच, आणि दहा हजारांत दोन हजारांचे चार हजार झाले तरी दुप्पटच. एका डॉक्टरांच्या लेखात आम्ही हे नीट मांडलं, उदाहरणासकट. सकाळी अंक बघतो तर मथळ्यात 'दुप्पट धोका!', उद्गारचिन्हासह. मथळा लेखक देत नाही हे लोकांना माहीत नसतं. डॉक्टरांना दिवसभर फोन, आणि संध्याकाळी त्यांचा मला. आता लेखाबरोबर दोन मथळे आम्हीच सुचवून पाठवतो. कधी घेतात, कधी नाही.

जोडाक्षर, ऐरोली
आमच्या सरांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख पाठवला. तिकडे उघडल्यावर सगळी चिन्हंच चिन्हं. संपादकांना वाटलं गणिताचा आहे. युनिकोडमध्येच पाठवा, बाबांनो.

साडेबारा, कोपरखैरणे
नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांवर माझा प्रबंध. शहर वसवायला ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आमचीही. लेखात मी 'भूसंपादनोत्तर पुनर्वसन' लिहिलं होतं. बघून देणारे गृहस्थ पनवेलचे, म्हणाले, "अगं, याला तुमच्या घरात काय म्हणतात?" साडेबारा टक्के म्हणतात, अजून काय! म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढा हिस्सा विकसित भूखंड म्हणून परत. १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यानंतर मिळालेली गोष्ट. गावात शेंबड्या पोरालाही तो आकडा माहीत.

अडचण वेगळीच होती. प्रबंधात माझे वडील 'माहितीदाता ७' आहेत. नाव लपवायचं हा नियम. मग लेखात मी कोण म्हणून बोलायचं? तटस्थ अभ्यासक म्हणून लिहिलं असतं तर वाचकाची फसवणूक, मुलगी म्हणून लिहावं तर विद्यापीठात म्हणणार, बघा, घरचंच मांडलंय. तीन मसुदे झाले. शेवटी दुसऱ्याच वाक्यात लिहिलं की माझ्या वडिलांची जमीन यात गेली आहे, आणि मग आकडे. बाबांना विचारून. ते म्हणाले लिही, पण प्रबंधाचं बाडही मागून घेतलं आणि चष्मा लावून बसले.

थोड्या वेळाने हाक आली, "गो, यो सात नंबरचा कोन? लय बोलतंय."