काविळीची माळ आणि रोजची गोळी : औषध सुटते ते समजुतीमुळे की अंतरामुळे?

धागाकर्ता (यवतमाळ जिल्हा) : आमच्याकडे काविळीवर माळ घालणारे आणि झाडपाला देणारे गावोगाव आहेत. त्यांचा गुण येतो असे लोक म्हणतात, कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. हाच अनुभव गाठीशी बांधून माणूस हिपॅटायटिस बी कडे, म्हणजे यकृतात वर्षानुवर्षे टिकू शकणाऱ्या विषाणूच्या आजाराकडे, पाहतो : डोळे पिवळे नाहीत, भूक लागते, कापूस वेचायला जाता येते, मग टेनोफोविरची गोळी रोज कशाला? ही गोळी सहसा विषाणूला दाबून ठेवते, समूळ काढत नाही. ती मनानेच बंद केली तर आजार उसळून यकृत निकामीही होऊ शकते. औषध सुटण्याचे मूळ या समजुतीतच आहे.

प्रतिसाद (बुलढाणा जिल्हा) : असहमत. समजुतीवर बोट ठेवणे सोपे असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे औषध मोफत आहे; पण त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागत असेल, तर सोयाबीनच्या सोंगणीत मजुरी बुडवून कोण जाणार?

धागाकर्ता : तीच माणसे एसटी बदलून वैदूकडे जातात, उपाशीपोटी रांगेत बसतात आणि तेल-हळदीचे पथ्य काटेकोर पाळतात. तेव्हा अंतर आड येत नाही.

प्रतिसाद (निवृत्त आरोग्यसेविका, वर्धा जिल्हा) : दोघांकडूनही एक गोष्ट सुटली आहे. यकृताचा आजार म्हटला की गाव आधी दारूचा हिशोब मांडते (दारूबंदीच्या जिल्ह्यातही!), त्यामुळे कधी थेंबही न घेतलेली बाई गोळ्या धान्याच्या कोठीमागे लपवते आणि पाहुणे आले की खाडा होतो. सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांची तऱ्हा आणखी वेगळी : लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधाने जुलाब लागले म्हणून घरचे ते बंद करतात. वास्तविक दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावी, यासाठीच ते दिलेले असते. ते थांबले की अमोनियासारखी द्रव्ये साचून माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि मग बाहेरची बाधा म्हणून त्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात. जुलाब जास्तच झाले तर मात्रा कमी करता येते, एवढे वाक्य औषध देतानाच सांगायला हवे होते.

प्रतिसाद (बुलढाणा जिल्हा) : हे मान्य, आणि यात दोष न सांगणाऱ्याचा आहे. वैदूचे उदाहरण मात्र मला पटत नाही. तो एक-दोनदा बोलावतो, गोळी अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम उपकेंद्रावर देऊन पाहा, त्यानंतरही सुटल्या तर समजुतीबद्दल बोलू.