पिकअपचे खरे अ‍ॅव्हरेज : आपल्या डिझेलच्या वहीत काय लिहिले आहे?

गेल्या आठवड्यात जुनी पिकअप विकायला काढली आणि डॅशबोर्डचा खण रिकामा करताना मोठ्या भावाची डिझेलची वही हाती लागली. प्रत्येक पानावर मीटरचे किलोमीटर, भरलेले लिटर आणि शेवटच्या रकान्यात एकदोन शब्द आहेत : 'रिकामी', 'भरून', 'समोरून वारा', 'घाट'. चौदा वर्षांत या एकाच गाडीने लिटरला ८ पासून १३ किलोमीटरपर्यंत सगळे आकडे दाखवले आहेत. 'गाडी किती देते?' असे कोणी विचारले की भाऊ 'काय लादणार आणि कोण चालवणार?' असा उलट प्रश्न का करीत असे, ते आता उमगले.

एका पानावर मात्र मी बराच वेळ थांबलो. ११.९, ११.७, १०.८, ९.६ असे उतरत गेलेले आकडे, त्यापुढे 'डिझेल खराब?' असे लिहून खोडलेले, आणि खाली 'मागचे डावे चाक तापते'. तो दिवस मला लख्ख आठवतो. घरी आल्यावर भावाने चारही चाकांजवळ पंजा उलटा धरून पाहिला आणि मागच्या डाव्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चर्र करून उडाले. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, त्यामुळे दांडा खाली केला तरी ब्रेकचे शू ड्रमला घासतच राहत होते. थोडक्यात, आम्ही महिनाभर ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो. केबल बदलल्यावर पुढच्याच टाकीला ११.८ मिळाले. तोवर शिव्या मात्र बिचाऱ्या पंपवाल्याने खाल्ल्या होत्या.

आपापले आकडे कृपया लिहावेत, आणि ते कसे मोजले तेही लिहावे.

पाचवा गियर : रिकामी १३, भरून ९. कंपनीने छापलेला आकडा मी एकदाच पाहिला आहे, तो माहितीपत्रकात.

आलेखवही : माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, तो प्रयोगशाळेतला असतो. युरोपातील जुन्या एनईडीसी चाचणीत गाडी रोलरवर जेमतेम ११ किलोमीटर चालवीत आणि सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असे. २०१७ पासून तिच्या जागी टप्प्याटप्प्याने आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी सुमारे २३ किलोमीटरची आणि अधिक वेगाची आहे, म्हणून तिचे आकडे वास्तवाच्या थोडे जवळ जातात. तरीसुद्धा हौद्यात टनभर माल, वर ताडपत्री आणि समोरून वारा असा आपला रोजचा संसार त्या रोलरवर कोणी मांडत नाही.

हौदा : मोजण्याविषयी लिहितो, कारण निम्मे वाद तिथेच असतात. माझ्या गाडीच्या पडद्यावर १४.२ दिसत होते आणि टाकी ते टाकी मोजले तेव्हा १२.९ आले. डिझेलला भरताना फेस येतो, त्यामुळे नोझल कधी लवकर बंद पडते, कधी उशिरा. मी नेहमी त्याच पंपावर, त्याच बाजूच्या नोझलने, पहिल्या ऑटो-कटला थांबतो. पंधरा लिटर भरून हिशेब मांडला तर एका लिटरच्या फरकाने सगळा आकडा बिघडतो, म्हणून सलग चारपाच टाक्यांची बेरीज करूनच भागाकार करावा.

कोरडी टाकी : मी उलट अनुभव सांगतो. हौसेने मोठे टायर बसवले आणि अ‍ॅव्हरेज १२.६ वरून १२ वर आले म्हणून महिनाभर हळहळत होतो. मग एका मित्राने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला लावले. नव्या टायरचा घेर जुन्यापेक्षा ६ टक्के मोठा असल्याने गाडी ६३६ किलोमीटर धावली तरी मीटर ६०० च दाखवीत होते. त्या टाकीला ५० लिटर लागले होते, म्हणजे खरे अ‍ॅव्हरेज १२.७ होते. वेगाचा काटाही तेवढाच मागे राहतो, हे पोलिसांच्या पावतीने कळण्यापूर्वी कळले, हे नशीब.

पाचवा गियर : म्हणजे आपली गाडी विकत घेणाऱ्याला प्रत्येक शंभर किलोमीटरमागे सहा फुकट मिळणार आहेत.

कोरडी टाकी : हे मी त्याला सांगेन, अशी आशा बाळगू या.

रोपवाटिका : आमच्या पिकअपवर रोपे पोचवायला चालक आहेत. अ‍ॅव्हरेज १० च्या खाली गेले तेव्हा मी त्यांच्यावर संशय घेतला, आणि ती गोष्ट मला अजून खुपते. एके दिवशी मी स्वतः सोबत बसले. माणूस गाडी उत्तम चालवीत होता, परंतु प्रत्येक ठिकाणी कुंड्या उतरेपर्यंत इंजिन सुरूच ठेवीत होता, कारण कधीकाळी बॅटरीने दगा दिल्याची धास्ती त्यांच्या मनात बसली होती. दिवसाकाठी असे जवळजवळ तीन तास भरत. आमचे अडीच लिटरचे इंजिन उभ्या उभ्या तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते, म्हणजे शून्य किलोमीटरसाठी रोज दोन लिटरहून अधिक डिझेल जात होते. नवी बॅटरी घेतली आणि मी त्यांची क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, "ताई, आधी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

आलेखवही : आपण क्षमा मागितलीत, हे फार बरे केलेत. बहुतेक मालक फक्त बॅटरी बदलतात.

धूरकांडी : डीपीएफचा, म्हणजे डिझेल गाडीच्या धुराच्या नळीतल्या फिल्टरचा, विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. माझी नवी पिकअप रोज चार किलोमीटर जाऊन चार किलोमीटर परत येत असे आणि ११ ऐवजी ८ देत असे. धुरातली काजळी हा फिल्टर अडवतो, आणि तो भरत आला की इंजिन जादा डिझेल देऊन आतले तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते व काजळी जाळून टाकते. याला पंधरावीस मिनिटे सलग धावणे लागते. मी नेमका मध्येच घरी पोचून चावी फिरवीत असे, त्यामुळे पुढच्या फेरीला तोच खटाटोप पुन्हा सुरू होई. खुणा डोळ्यांसमोर होत्या : उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा चढलेले, तापलेल्या धातूचा वास, आणि चावी काढल्यानंतरही घोंघावणारा पंखा. मला वाटे की गाडी नवी आहे, म्हणून जरा उत्साही आहे. आता आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवतो आणि अ‍ॅव्हरेज साडेदहाच्या खाली गेलेले नाही.

चढउतार : घाटाचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. एक टन वजन ५०० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे ४.९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल असतात, पण चाकांपर्यंत त्यातला तिसरा हिस्सा पोचतो असे धरले, तर टनामागे ०.४ लिटर निव्वळ चढाला जाते. गाडीचे स्वतःचे दोन टन धरा, म्हणजे सव्वा लिटरच्या जवळ पोचतो. उतरताना हे सगळे परत मिळत नाही, पण गाडी गियरमध्ये ठेवून पाय उचलला तर आजची इंजिने डिझेल पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते डिझेल जातच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. न्यूट्रलने बचत होते असे सांगणाऱ्यांच्या हौद्यात मी बसत नाही.

पाचवा गियर : मागचा फाळका उघडा ठेवला तर वारा आरपार जातो आणि अ‍ॅव्हरेज वाढते, असे आमचे काका ठामपणे सांगतात.

हौदा : काकांना नमस्कार सांगा, पण फाळका लावून ठेवा. बंद हौद्यात हवेचा एक भोवरा फिरत राहतो आणि वरून येणारा वारा त्याच्यावरून घसरून पुढे जातो. फाळका उघडला की ती घडी मोडते. फरक वेगाने पडतो : ताशी ८० ऐवजी १०० ने गेलो तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. त्याच रस्त्यावर, त्याच मालासह मला ८० ला १२.४ मिळाले आणि १०० ला १०.७.

आलेखवही : जाता जाता एक सांगतो. ८ चे १० झाले तर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात, आणि १४ चे १६ झाले तर एक लिटरही वाचत नाही. म्हणून ज्यांची गाडी सर्वांत कमी देते, त्यांनीच सर्वांत आधी कारण शोधावे.

कोरडी टाकी : मूळ लेख वाचून आत्ता अंगणात जाऊन आलो. मागचे उजवे चाक डाव्यापेक्षा स्पष्ट गरम लागते आहे. आज पूर्ण दिवसात एकदाही हँडब्रेक लावलेला नव्हता.

धागाकर्ता : मग केबलच्या आधी त्या चाकाचे बेअरिंग आणि ब्रेकचा सिलिंडर तपासून घ्या. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिले की अडते कुठे ते कळेल. उद्या तपासून झाल्यावर इथे जरूर लिहा, आणि तोवर त्या ड्रमला हात लावू नका.