डिलीट : हटवा, खोडा, वगळा की रद्द करा?

प्रश्न
घरच्या कागदपत्रांसाठी एक छोटं वेब ॲप लिहितेय. पुढे पायथन भाषा आणि तिची फ्लास्क ही वेब-चौकट, मागे माहिती साठवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस. विम्याच्या पॉलिसी, फ्रिज-मिक्सरच्या वॉरंट्या, मुलांच्या लसी, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं एका जागी. सासूबाईही वापरणार, त्यामुळे पडद्यावरचं सगळं मराठीत हवं. तक्ता, रकाना, नोंद इथवर काही अडलं नाही. डेटाबेसला 'विदागार' लिहायची छाती होत नव्हती, पण तो शब्द पडद्यावर लागतच नाही, सुटले. अडलंय ते 'डिलीट'पाशी. मोबाइलवर 'हटवा' दिसतं. तेच ठेवू?

उत्तर
चूक नाही, पण मराठीत हटवायचं ते अतिक्रमण, नाहीतर खुर्चीवरचा माणूस. नोंद आपण खोडतो, पाटीवरचं पुसतो, यादीतलं नाव वगळतो, परवाना रद्द करतो. म्हणून आधी सांगा, बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं? ओळ खरंच जाते की नुसती दिसेनाशी होते?

प्रश्नकर्ती
दोन्ही आहे. चुकून दोनदा भरलेली नोंद 'डिलीट'ने कायमची जाते. मुदत संपलेली पॉलिसी मात्र जात नाही. 'स्थिती' म्हणून एक रकाना आहे, त्यात 'अपडेट'ने 1 चा 0 होतो आणि यादी 0 असलेल्या ओळी दाखवत नाही.

उत्तर
मग बटणं दोन आणि शब्दही दोनच हवेत. एकाच 'हटवा'खाली दोन्ही घातलंत तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारेल, जुनी पॉलिसी गेली कुठे?

आणखी एक
माझी नोकरी महसूल खात्यात झाली. सातबारावरचं जुनं नाव आम्ही पुसत नसू. त्याला कंस करायचा आणि फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर घालायचा. तो फेरफार गाव नमुना 6 मध्ये काढून बघता येतो. नाव गेलं, पण कुणामुळे आणि कशाने गेलं ते राहिलं. याला बोलीत 'नाव कमी करणे' म्हणतात. रेशनकार्डावरूनही लग्न झालेल्या मुलीचं नाव 'कमी'च होतं. ताई, तुमच्या 0 वाल्या नोंदींना हाच शब्द शोभेल.

उत्तर
काका, शब्द झकास आहे, पण शेजारी हप्त्याची रक्कम असेल तर 'कमी करा' म्हणजे हप्ता कमी करा असं वाचलं जाईल. मी 'यादीतून वगळा' लिहीन, आणि दुसऱ्या बटणावर 'कायमची खोडा'. 'रद्द करा' नकोच, तो 'कॅन्सल'साठी राखून ठेवा. "नोंद कायमची खोडायची?" याखाली 'खोडा' आणि 'रद्द करा' असं आलं की गोंधळ नाही.

अजून एक. पहिल्या रकान्याला 'अ.क्र.' म्हणू नका, 'नोंद क्र.' म्हणा. अनुक्रमांक म्हणजे यादीतली जागा; मधली ओळ गेली की खालचे वर सरकतात. प्रायमरी की, म्हणजे डेटाबेसने नोंदीला ओळख म्हणून दिलेला क्रमांक, सरकत नाही. 14 नंबर खोडला की 13 नंतर थेट 15. 'अ.क्र.' लिहिलंत तर सासूबाई 14 शोधत बसतील. एसक्यूलाइटची एक खोड माहीत असू द्या: शेवटचीच नोंद खोडली तर पुढच्या नव्या नोंदीला तोच क्रमांक पुन्हा मिळतो. ते टाळायला तक्ता बनवतानाच 'ऑटोइन्क्रिमेंट' लिहावं लागतं.

प्रश्नकर्ती
पटलं. पण नावाप्रमाणे लावलेल्या यादीत 'ॲलर्जी' थेट 'होमिओपॅथी'च्याही खाली जाते आणि 'क्ष-किरण' 'खोकला'च्या आधी येतं. हे काय प्रकरण?

उत्तर
एसक्यूलाइट अक्षर बघत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक बघतं, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक. ॲ उशिरा, 2008 मध्ये युनिकोडात आला, म्हणून त्याची जागा ह च्या पुढे. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून काम भागवत. तसं टाइप केलेलं 'अॅलर्जी' मात्र अ मध्येच राहतं. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन नोंदी यादीच्या दोन टोकांना! आणि क्ष त्याच्या लेखी क, हलन्त, ष, त्यामुळे तो क मध्येच. आपल्या वर्णमालेसारखा ज्ञ च्या शेजारी शेवटी हवा असेल तर पायथनमधून स्वतःचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, लिहून जोडता येतं, आणि ॲ चं एकच रूप साठवायचं हे नोंद भरतानाच ठरवून टाका.

प्रश्नकर्ती
जमेल. आणि त्या बटणावर काय लिहू? 'वर्णानुक्रमे' फार जड वाटतंय.

उत्तर
'अकारविल्हे' लिहा. सासूबाईंना समजवावं लागणार नाही, उलट तुमची मुलं तुम्हाला अर्थ विचारतील.