एनमच्या मधे एक नाव घुसवलं आणि चांगल्या मोटारी नापास झाल्या

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आम्ही बोअरच्या पंपाच्या मोटारी बनवतो. प्रत्येक मोटारीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स बेंच मल्टिमीटरवर मोजून मगच ती पुढं जाते. मीटर जीपीआयबी केबलनं कॉम्प्युटरला जोडलाय आणि त्याला कमांड देणारा ड्रायव्हर मीच लॅबव्ह्यूत (चित्रं जोडून प्रोग्राम करायची भाषा) लिहिलाय, म्हणजे दुसऱ्या कुणाला शिव्या देता येत नाहीत.

मीटरनं काय मोजायचं, म्हणजे फंक्शन, त्याचा एनम (नावांची यादी, प्रत्येक नावाला ओळीनं आकडा) असा होता: ० डीसी व्होल्ट, १ एसी व्होल्ट, २ डीसी करंट, ३ एसी करंट, ४ दोन-तारी ओहम, ५ चार-तारी ओहम. मे महिन्यात जनरेटरची फ्रिक्वेन्सी बघायची गरज पडली. ड्रॉपडाउनमधे एसीच्या शेजारी बरं दिसेल म्हणून 'फ्रिक्वेन्सी' चौथ्या जागी टाकलं. एनम टाइपडेफ होता, म्हणजे एका जागी बदलला की सगळीकडं बदलतो. एकही बाण तुटला नाही (काही चुकलं की लॅबव्ह्यू रनचा बाण तुटका दाखवतो आणि प्रोग्राम चालवत नाही), एक्झी बनवून दिली आणि घरी जाऊन भरीत-भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मोटारी नापास. २७ अंशाला १.८० ओहम यायला पाहिजे, आमची हद्द दहा टक्के. मीटर दाखवतोय २.१६. शेडमधे पारा ४४, तेव्हा सगळे म्हणाले गरमी आहे. मीही मान डोलावली. तांब्याचं सूत्र (२३५ + तापमान) मांडून बघायला मला तीन दिवस लागले. ४४ अंशाला १.९२ व्हायला हवं. २.१६ यायला वाइंडिंग ७९ अंशावर पाहिजे. जळगावचा मे कितीही बदनाम असला तरी तेवढा नाही ना भो.

खरी भानगड आयएनआय, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधे होती. तिथं फंक्शन म्हणून नुसता ५ लिहिलेला. ५ म्हणजे आधी चार-तारी, आता दोन-तारी, ज्यात वायरींचा रेझिस्टन्सही मोजला जातो. वरचे पाव ओहम आमच्या वायरींचे आणि क्लिपांचे.

आता दुरुस्त केलंय. पण पुढच्या महिन्यात पॉवर सप्लायचा ड्रायव्हर लिहायचाय. एनम ठेवू, रिंग (नावांचे आकडे आपण ठरवायची यादी) ठेवू, की सरळ स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर?

अमळनेरकर:
काय करी बसना भो! पन ऱ्हाऊ दे, हाई चूक सगळासनी करेल शे.
नियम एकच. नवीन नाव शेवटी. एसटीच्या रांगेत मधे घुसलं की मागचे सगळे एकेक नंबर सरकतात.

भुसावळ_लोको:
शेवटी टाका हे बरोबर, पण त्यावर विसंबू नका. आज तुम्ही शेवटी टाकाल, उद्या नवीन पोरगा येईल आणि यादी 'नीट' लावेल.

मी असे बरेच ड्रायव्हर लिहिलेत आणि सगळ्या चुका करून झाल्यात, म्हणून सांगतो. एनमचा आकडा प्रोग्रामच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. फाइलमधे, डेटाबेसमधे, रिपोर्टमधे नाव लिहायचं. लॅबव्ह्यूच्या फॉरमॅट इन्टू स्ट्रिंग ब्लॉकला एनम जोडून %डी दिलंत तर आकडा येतो, %एस दिलंत तर नाव येतं. तुमचे तीन दिवस त्या एका अक्षरात गेलेत. वाचताना स्कॅन फ्रॉम स्ट्रिंग ब्लॉकला तोच टाइपडेफ जोडा. नाव जुळलं नाही तर एरर येतो. कुणी नाव बदललं तर जुनी फाइल चालणार नाही हे खरं, पण ती बोंब मारून बंद पडेल, गुपचूप दोन-तारी मोजणार नाही.

एक विचारतो. एनमवरून कमांड ठरवणाऱ्या केस स्ट्रक्चरमधे डीफॉल्ट केस (कशातच न बसलेलं सगळं जिच्यात जातं ती) ठेवलीय ना? ती काढा. डीफॉल्ट नसेल तर नवीन नाव टाकल्यावर त्याची केस लिहीपर्यंत बाण तुटलेला राहतो. तो तुटलेला बाण फुकटचा चौकीदार आहे, त्याला घरी पाठवू नका.

रिंगबद्दल. एनम शून्यापासून सुरू होतो, मधे खड्डा चालत नाही. आयव्हीआय या ड्रायव्हरांच्या मानकाच्या मल्टिमीटर क्लासमधे दोन-तारीचा आकडा ५ आहे आणि चार-तारीचा १०१. असे उड्या मारणारे आकडे बाहेरून ठरून आले असतील तर रिंगच लागते. पण रिंगची नावं डेटा टाइपमधे नसतात, ती वरची रंगरंगोटी. म्हणून रिंग केलीत तर टाइपडेफ स्ट्रिक्ट करा, नाहीतर यादी बदलल्यावर जुन्या जागी जुनीच नावं दिसत राहतील. तुमच्या सप्लायला एससीपीआय, म्हणजे अक्षरांत लिहिलेल्या कमांडच जाणार, तिथं आकड्याचं काम नाही. एनम घ्या.

गिरणाकाठ:
काका, डीफॉल्ट केस होती. तिच्यात मी काय ठेवलं होतं ते इथं सांगत नाही.

अजून एक. आमच्याकडं दुसरा जुना मीटर आहे, त्याला कपॅसिटन्स मोजता येत नाही. दोघांचा मिळून एकच एनम करावा का?

भुसावळ_लोको:
नको. मीटरला जेवढं येतं तेवढंच त्याच्या यादीत. एकत्र यादी केलीत की ऑपरेटर कपॅसिटन्स निवडणार, जुन्या मीटरला ती कमांडच माहीत नाही, तो आपल्या एरर क्यूत, म्हणजे चुकांच्या यादीत, उणे ११३ (अनोळखी कमांड) टाकून गप्प बसणार आणि तुम्ही आधीच्याच फंक्शनचं वाचन घेत राहणार. दोन्ही मीटर एकाच स्क्रीनवरून चालवायचे असतील तर वरच्या थरात तिसरी यादी करा आणि तिथून ज्याच्या त्याच्या यादीत उतरा.

आणि हो, सेटिंग पाठवल्यावर मीटरला उलट विचारा. फंक्शन विचारलं की चार-तारीला एफआरईएस येतं, दोन-तारीला नुसतं आरईएस. अवतरणचिन्हं धरून येतं, ती काढून जुळवा. एका मोटारीमागं काही मिलीसेकंद जातील. जाऊ द्या.

शिरपूरचा_पोऱ्या:
मी पायथनवर असतो. तिथं एनमची किंमत म्हणून सरळ कमांडचाच मजकूर ठेवतो, आकड्याचा प्रश्नच येत नाही. यादीत नसलेलं काही आलं तर तिथल्या तिथं व्हॅल्यूएरर. ३.११ पासून स्ट्रएनमही आहे. आमच्या सरांना मात्र अजून आकडेच आवडतात, प्रॅक्टिकलच्या फाइलवर तसंच लिहून द्यावं लागतं.

गिरणाकाठ:
काका, काल संध्याकाळी डीफॉल्ट केस काढली. लगेच बाण तुटला. फ्रिक्वेन्सीची केस मी लिहिलीच नव्हती! म्हणजे जनरेटरची म्हणून जी फ्रिक्वेन्सी आम्ही महिनाभर वहीत उतरवली, ते एसी व्होल्ट होते. मालक म्हणाले, तरीच २३० यायची.

टेस्टिंगला बसणाऱ्या ताईंना सगळा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "दादा, मी पहिल्याच दिवशी बोलले होते, डिस्प्लेवरचं ते चाराचं चिन्ह दिसत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, ऊन पडतंय डिस्प्लेवर."

नापास ठरवलेल्या मोटारी आज परत मोजायला घेतल्यात. अठरा झाल्या, अठराही पास.